एकच पान, दोन शिव्या

ताई,
मी नाशिकच्या एका दैनिकात सात वर्षं डेस्कवर आहे. राहते पंचवटीत. सिंहस्थात साधू उतरतात त्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं काढायची नोटीस निघाली, तेव्हा मी नागरिक म्हणून महापालिकेत हरकत दिली. एका रविवारी तिथे गेले, झाडाशी उभं राहून फोटो काढला, स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी वृत्तसंपादकांनी तो काढायला लावला. त्यांच्या स्वतःच्या स्टेटसला मात्र नेत्यांचे वाढदिवस बारा महिने असतात. त्याच आठवड्यात मी 'तपोवनावर कुऱ्हाड' असा मथळा दिला होता, तो बदलून 'साधुग्रामासाठी वृक्षतोडीचा प्रस्ताव. हरकती मागवल्या' असा मिळमिळीत केला. हरकतींवरच्या सुनावणीची बातमी पान पाचवर, सिंगल कॉलम.
आता आम्हा सात जणांचं पत्र संपादकांना जायचंय: 'आंदोलनाच्या बातम्या दाबल्या जातात, संपादकीय विभाग विकला गेला आहे.' शुक्रवारपर्यंत सही हवी आहे. घरी आणखी वेगळंच. सासरे म्हणतात, तुमचा पेपर सिंहस्थाच्या मुळावर उठलाय. मामेभाऊ आंदोलनात आहे, तो विचारतो, किती पाकिटं पोचली? दोघांनी पुरावा म्हणून अंक दाखवला तो एकाच दिवसाचा, पानही तेच. मी सही करू का? आणि आमचा पेपर नेमका कोणाचा, हे मला तरी कसं कळावं? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.
– डेस्कवरची, नाशिक

अगं-तुगंची परवानगी दिलीस ते बरं झालं. दोन-चार गोष्टी तुला आवडणार नाहीत, आणि त्या 'तुम्ही' म्हणून सांगितल्या की जास्त टोचतात.

आधी सासरे आणि मामेभाऊ. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तीन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२ साली बैरूतमधल्या निर्वासित छावण्यांत हत्याकांड झालं होतं. त्याच्या टीव्हीवरच्या बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोघांना चित्रफिती त्याच. पाहून झाल्यावर दोन्ही गट म्हणाले, बातम्या आमच्या विरोधात आहेत. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट पुढची आहे: ज्यांना त्या प्रश्नातलं जास्त कळत होतं, त्यांना पक्षपातही जास्त दिसत होता. म्हणजे तुझ्या घरातल्या दोघांना काही कळत नाही म्हणून ते ओरडत नाहीत. कळतं म्हणूनच ओरडतात. सासऱ्यांनी २००३ आणि २०१५ चे सिंहस्थ दारात पाहिलेले असणार. २००३ ची चेंगराचेंगरी पंचवटी अजून विसरलेली नाही, त्यामुळे 'जागा मोकळी हवी' हे त्यांच्या लेखी राजकारण नाहीच, ती जिवाची काळजी आहे. मामेभावाला झाडांचा हिशेब पाठ असेल, सुमारे १,८०० झाडांतली जुनी किती, देशी किती. दोघांच्याही डोक्यात एकेक पूर्ण बातमी आधीच छापून तयार आहे. तुमच्या बातमीत तिच्यातलं जे आलं नाही तेवढंच त्यांना दिसतं.

हे वाचून तू खूश होशील आणि म्हणशील, चला, दोन्हीकडून शिव्या पडतात म्हणजे आपण सरळ रेषेत आहोत. नको. आमच्या पिढीचे संपादक हे वाक्य कँटीनच्या चहासारखं दिवसातून चार वेळा प्यायचे. दोन्हीकडून शिव्या खाणारा माणूस चूकही असू शकतो. शिव्यांवरून स्वतःला प्रमाणपत्र देता येत नाही, तसंच शिव्या पडल्या नाहीत म्हणूनही देता येत नाही. हे दुसरं मी स्वतः अनुभवलंय.

मार्च २०१८. नाशिकच्या सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला पायी निघाला. एकशे ऐंशी किलोमीटर. तेव्हा मी डेस्कवर होते, शिफ्ट माझ्याकडे होती. मोर्चा शहराबाहेर पडला तेव्हा आमच्या बातमीदाराने पंचवीस हजार लोक असं लिहून पाठवलं. पुढे एका रात्री फोटोग्राफरने एका बाईच्या तळपायाचा फोटो आणून दिला. कातडी सोललेली, जखमेत डांबराचे काळे कण. पान तयार होतं. मी तो फोटो बघितला, आणि पंचवीसचे चाळीस केले. बातमीदाराला विचारलं नाही. एका एजन्सीच्या बातमीत कुठेतरी चाळीस आलं होतं, तेवढा आधार पुरला. खरं कारण तो तळपाय होता. दुसऱ्या दिवशी एकही फोन आला नाही. डेस्कवर कोणी हरकत घेतली नाही. का? कारण आम्ही सगळेच त्या बाईच्या बाजूचे होतो. पुढे मोर्चाने दहावीच्या परीक्षेच्या मुलांना त्रास नको म्हणून रात्रीतूनच आझाद मैदान गाठलं, तेव्हा तर सगळा महाराष्ट्रच त्यांच्या बाजूचा झाला. आकडा मोठा करायची मुळीच गरज नव्हती. पण ज्या चुकीला खोलीतल्या प्रत्येकाची मान्यता असते, तिच्याबद्दल तक्रार करणार कोण? म्हणून आता मला शिव्यांची तितकी भीती वाटत नाही, जितकी डेस्कवरच्या एकमताची वाटते.

आता तुझा मथळा. वृत्तसंपादकांनी बदलला ते बरोबर केलं. राग येऊ दे. ज्या दिवशी हरकती मागवल्या, त्या दिवशी कुऱ्हाड पडलेली नव्हती. १९७५ च्या झाडांच्या कायद्याने नोटीस लावायची, हरकती घ्यायच्या, मग ठरवायचं, असा क्रम आहे, आणि वाचकाला त्या दिवशी सगळ्यात उपयोगी माहिती हीच होती की अजून हरकत देता येते. तू जे केलंस ते इतरांना करता यावं, हे सांगणारा मथळा 'मिळमिळीत' कसा? तुझ्या कुऱ्हाडीच्या मथळ्याने पंचवटीतला माणूस हळहळला असता आणि चहा संपवून कामाला लागला असता. शिवाय तू स्वतः हरकतदार. त्या बातमीवर तुझा हात पडायलाच नको होता. त्याकडे शेवटी येते.

पण पान पाचवरच्या सिंगल कॉलमबद्दल तुझी तक्रार मला खरी वाटते. आधी प्रस्तावाची बातमी किती जागेत दिली होती? सुनावणीची किती? मधल्या काळात साधुग्रामाच्या कामाची, मंत्र्यांच्या पाहणीची, आढावा बैठकीची किती? हे आठवणीवर सोडायचं नाही, मोजायचं. आमच्याकडे एक मुख्य उपसंपादक होते, ते टेबलाच्या खणात स्टीलची फूटपट्टी ठेवायचे. 'आमची बातमी बारीक दिली' म्हणत कुठल्याही पक्षाचा माणूस आला की महिन्याचे अंक काढायचे आणि त्याच्यासमोर कॉलम सेंटिमीटर मोजायचे. अर्धी भांडणं तिथेच मिटायची. उरलेल्या अर्ध्यांत तो माणूस बरोबर निघायचा, आणि मग ते गप्प बसून पट्टी खणात टाकायचे. दुसऱ्या दिवशी त्याची बातमी जरा मोठी दिसायची. माफी मागायची त्यांची ती पद्धत होती.

तूही रविवारी तीन आठवड्यांचे अंक घेऊन जमिनीवर बस. लाल पेन घे. जागा मोजून झाली की क्रियापदं मोज. ही माझी आवडती चाचणी. आपल्याकडे प्रशासन नेहमी 'स्पष्ट करतं', आंदोलक नेहमी 'आरोप करतात' किंवा 'दावा करतात'. आयुक्त 'माहिती देतात'. विरोधी पक्ष 'टीका करतो', सत्ताधारी 'प्रत्युत्तर देतात', जणू भांडण सुरू कायम दुसऱ्यानेच केलं. महापालिकेने सांगितलेला आकडा आपण कोणाचाही हवाला न देता छापतो आणि आंदोलकांचा आकडा 'त्यांच्या म्हणण्यानुसार' या कुबडीवर उभा करतो. दोन्ही आकडे तपासलेले नसतात! हे मालकाने फोन करून सांगितलेलं नसतं. रात्री साडेअकराला पान सोडायच्या घाईत हाताला जी सवय असते ती कागदावर उतरते. 'अखेर' हा शब्द बघ. 'अखेर पुलाचं काम सुरू' म्हटलं की वाचकाने कोणावर तरी चिडायचं ठरतं. 'मात्र' बघ. 'मात्र'च्या आधी कोणाचं म्हणणं येतं आणि नंतर कोणाचं, एवढं बघितलंस तरी तुझा पेपर कोणाचा ते बरंचसं कळेल. आणि हे तुझ्या स्वतःच्या कॉपीला, म्हणजे तुझ्या हातून गेलेल्या मजकुरालाही लाव, फक्त वृत्तसंपादकांच्या नको.

सगळाच कल मात्र पक्षाचा नसतो, हेही लक्षात ठेव, नाहीतर लाल पेनाने सगळं पान रंगेल. नाशिककराला हे कांद्याने शिकवलंय. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी केली, लासलगावला भाव पडले. आमच्या ग्रामीण आवृत्तीत मथळा होता 'कांदा कोसळला'. त्याच आठवड्यात शहरच्या पानावर भाजीच्या भावांची बातमी, मथळा 'कांदा आवाक्यात'. पेपर एकच, कांदा तोच. खोटं दोन्हीकडे नव्हतं. एका मथळ्यामागे निफाडचा शेतकरी उभा होता, दुसऱ्यामागे कॉलेज रोडवरची पिशवी घेतलेली बाई. पण त्या दिवशी निफाडहून जो कोणी शहरात आला असेल आणि स्टॉलवर तो दुसरा मथळा वाचला असेल, त्याने आम्हाला सरकारचे भाट ठरवलं असेल तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

आणि पाकिटाचं म्हणशील, तर मामेभावाने तो शब्द हवेतून आणलेला नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत याच महाराष्ट्रात एकाच नेत्याच्या कौतुकाचा मजकूर शब्दशः सारखा, वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून आला होता. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, सविस्तर अहवाल लिहिला, त्यात नावंही होती. कौन्सिलने २०१० मध्ये त्याचा आवळलेला अवतारच पुढे केला. मूळ अहवाल २०११ मध्ये माहिती आयोगाच्या आदेशानंतर बाहेर आला. आपल्या धंद्याने लोकांना संशय घ्यायला शिकवलंय. त्यामुळे भावावर चिडू नकोस. त्याला एकच विचार: कोणती बातमी, कोणत्या तारखेची, काय गाळलं? सांगता आलं तर वहीत लिहून घे. नाही आलं तर दुसरा चहा टाक.

आता सहीचं.

सही म्हणजे काय ते मला मजिठिया आयोगाच्या वेळी कळलं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये पत्रकारांच्या वेतनाच्या त्या शिफारशी कायम केल्या. मी तेव्हा ज्या ठिकाणी होते तिथे एचआरच्या माणसाने दुपारी एक छापील कागद फिरवला. मला मिळणारं सध्याचं वेतन मान्य आहे, अशा अर्थाचा. पान लावायची घाई होती, सगळे करत होते, मी दोन मिनिटांत सही ठोकली. २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की अशा कागदाने ठरल्यापेक्षा कमी वेतन कायदेशीर होत नाही, पण तोवर तो कागद तीन वर्षं माझ्या छातीवर बसला होता. म्हणून, 'सगळे करताहेत' आणि 'शुक्रवारपर्यंत' ही दोन कारणं सोबत आली की पेनाचं टोपण लाव.

तुमच्या पत्रातलं दुसरं वाक्य बघ. 'संपादकीय विभाग विकला गेला आहे.' अगं, संपादकीय विभागात तूही आहेस. तुझा वाटा किती आला? हे वाक्य वाचून संपादक एवढंच विचारतील, आणि ते विचारायचा त्यांना हक्क आहे. पहिल्या वाक्यात तथ्य असेलही, पण 'बातम्या दाबल्या जातात' याला तारीख नाही, पान नाही. असं पत्र संपादकांसाठी सगळ्यात सोयीचं. ते 'भावना समजल्या' म्हणतील, आणि महिनाभरात तुमच्यातल्या एकाची बदली जळगावला.

जून २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये असाच स्फोट झाला. दंगली आवरायला लष्कर बोलवा असा टॉम कॉटन या सिनेटरचा लेख छापला गेला. त्याने आमच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांचा जीव धोक्यात येतो, अशा अर्थाचं एकच वाक्य कर्मचाऱ्यांनी ट्विटरवर धडाधड टाकलं. चार दिवसांत मतांच्या पानांचे संपादक जेम्स बेनेट यांना राजीनामा द्यावा लागला. पेपरने नंतर मान्य केलं की लेख नीट तपासून छापला नव्हता. माझ्या मते लढायची जागा ती होती, कुठला दावा तपासला नाही, कोणी सोडला. पण ते कोणाच्या लक्षात नाही. लक्षात राहिलं ते एवढंच की कर्मचाऱ्यांनी संपादक घालवला, आणि ज्यांना त्या पेपरवर आधीच विश्वास नव्हता त्यांना आयतं कोलीत मिळालं.

तुमच्या सात जणांत कोणीतरी आगरकरांचं नाव काढणार, हे मी आत्ताच सांगते. काढू दे. केसरी १८८१ च्या जानेवारीत निघाला, पहिले संपादक आगरकर. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, यावर टिळकांशी जमेना, १८८७ मध्ये त्यांनी केसरी सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. वाद कडवट होता, पण कशावरून आहे ते कोणालाही सांगता येत होतं. तुमच्या पत्राबद्दल ते सांगता येत नाही. दुसरी गोष्ट, आगरकरांना घराचा हप्ता नव्हता असं म्हणून तुला दुबळं करायचं नाही मला, पैशाची ओढाताण त्यांनीही सोसली. पण सोडायची तयारी असेल तरच त्यांचं नाव घ्यावं. तुझी नाहीये, पत्रावरून दिसतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. राहून भांडायलाही माणसं लागतात.

तेव्हा हे पत्र फाडून नवं लिहा. दीड पान पुरे. तीन आठवड्यांत तपोवनाच्या किती बातम्या आल्या, कोणत्या पानावर, किती जागेत. सुनावणीची बातमी बातमीदाराने किती शब्दांची दिली होती आणि किती छापली, काय कापलं. नेत्यांच्या पाहण्या कुठे होत्या. हे कोष्टकात. मागणी एकच: यापुढे या विषयाची मोठी बातमी आत ढकलायची असेल तर ते संध्याकाळच्या बैठकीत, सगळ्यांसमोर ठरावं. कदाचित उत्तर मिळेल की त्या दिवशी रात्री दहाला अर्ध्या पानाची जाहिरात आली होती. ते उत्तर खरंही असू शकतं, तू डेस्कवर आहेस, तुला ठाऊक आहे. मग निदान कुठे बोट ठेवायचं ते कळेल. अशा पत्रावर सातही जणांनी सही करा, तूही कर, ठळक कर. सहकाऱ्यांना हे बुळचट वाटलं तर त्यांचं जुनं पत्र त्यांना देऊ दे. तू सही नाही केलीस म्हणून दोन दिवस कोणी डबा शेअर करणार नाही. दोनच दिवस. पुढच्या आठवड्यात कोणाची तरी रजा नामंजूर होईल आणि सगळे पुन्हा एका टेबलावर येतील.

स्टेटसचं मी लांबवत नाही. काढायला लावलं ते योग्य, फक्त तुलाच लावलं ते अयोग्य. नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा हेही राजकारणच, हार-पुष्पगुच्छातलं असलं तरी. वृत्तसंपादकांना एकट्यात भेटून सांग: साहेब, नियम लेखी काढा, शिपायापासून संपादकांपर्यंत सगळ्यांना. ते हसतील. मेल कर. मेलला हसता येत नाही.

राहिली हरकत. वॉशिंग्टन पोस्टचे एक संपादक, लेनर्ड डाउनी, निष्पक्ष राहायचं म्हणून मतदानसुद्धा करत नसत. मला ते फारच सोवळं वाटतं. डेस्कवर नोकरी केली म्हणून पंचवटीच्या झाडावरचा तुझा हक्क जात नाही. हरकत मागे घेऊ नकोस. पण दिलीयेस हे वृत्तसंपादकांना आजच लेखी कळव, पोचेची प्रत जोड, आणि तपोवनाची कॉपी यापुढे दुसऱ्याकडे द्या म्हणून सांग. हे तू स्वतः, तुमचं पत्र जाण्याच्या आधी सांगायला हवंस. कोष्टक टेबलावर आल्यावर कोणी तुझी हरकत बाहेर काढली, तर तुझ्यामुळे बाकी सहा जणांचं मोजमापही पाण्यात जाईल.

सासऱ्यांनाही सांग की हरकत मी दिलीय. मला वाटतं त्यांना ते अजून माहीत नाही. तुझ्या पत्रात ती ओळ कुठे दिसली नाही. पुढची सुनावणी लागली तर रजा टाकून जा. गळ्यातलं प्रेसचं कार्ड घरी ठेव.